कळसूबाईची अट

मित्रमंडळींच्या पायी सहलीत अंतर किलोमीटरमध्ये असते ते केवळ नकाशावर. प्रत्यक्ष वाटेवर ते 'हे काय, इथंच' या मापाने सांगितले जाते, आणि हे माप सांगणाऱ्याच्या पोटऱ्यांवर अवलंबून असल्यामुळे गुराख्याचे 'इथंच' खुर्चीत बसून नोकरी करणाऱ्याला दोन तास पुरते. अकोले तालुक्यातील भंडारदरा परिसर या मापाच्या अभ्यासासाठी फार सोयीचा आहे. प्रवरा नदीवर १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या धरणाचा जलाशय, म्हणजे आर्थर लेक, सकाळी डावीकडे दिसतो आणि दुपारीही डावीकडेच दिसतो, तेव्हा वाट चुकली की तलावच लांबलचक आहे यावर मंडळींत दोन पक्ष पडतात. तिसरा पक्ष चिवड्याची पिशवी उघडतो.

रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर आणि रतनगडावरील नेढे, म्हणजे कातळाला आरपार पडलेले भोक, यांची वर्णने मुबलक असल्याने येथे थेट कळसूबाईकडे वळणे योग्य. १६४६ मीटर उंचीच्या, महाराष्ट्रातील या सर्वोच्च शिखराची लोककथा अशी की, कळसू नावाची मुलगी पाटलाघरी कामाला राहिली ती भांडी घासणार नाही व केर काढणार नाही या अटीवर, आणि पाहुण्यांच्या गर्दीत ही अट मोडली गेली तेव्हा ती डोंगरावर निघून गेली. ही अट आजही प्रत्येक गटातील किमान एक गृहस्थ निष्ठेने पाळतो: तो पाणी आणतो, चूल पेटवतो, मिठाविषयी मतही देतो, परंतु खिचडी करपली की त्याला सूर्योदयाची छायाचित्रे काढायची असतात. देवी निदान निघून तरी गेली; हा न्याहारीला परत येतो.

परिणामी ते करपलेले पातेले कोणाच्या तरी सॅकला, म्हणजे पाठीवरच्या पिशवीला, बांधून बारी गावातून वर चढते आणि लोखंडी शिड्यांच्या दर पायरीवर ठणठणत शिखरावरच्या छोट्या देवळापर्यंत पोहोचते, जिथे ढगांमुळे तलाव तर सोडाच, पुढचा मित्रही दिसत नाही. संध्याकाळी बारीत ज्या घरी पिठले-भाकरी सांगितलेली असते, तेथील बाई न विचारता पातेले उचलतात आणि राखेने पाच मिनिटांत लख्ख करून देतात. त्या घासण्याचे पैसे जेवणाच्या दरात धरलेले नसतात.