चालतोय ना, मग?

प्रत्येक सोसायटीत एक नाना असतात. आमचे डोंबिवलीचे. विमा कंपनीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नवी वस्तू समोर आली की क्लेम नामंजूर करायला बसलेल्या अधिकाऱ्याचा भाव त्यांच्या चेहऱ्यावर अजूनही उमटतो. मिक्सर असो, गीझर असो की कॉम्प्युटरचा माऊस, कागदपत्रं अपुरी निघणारच.

नव्याला नाकं मुरडणारे गल्लोगल्ली सापडतात; त्यातल्या बहुतेकांना नव्यातलं ओ की ठो कळत नसतं. नाना मात्र साग्रसंगीत अभ्यास करून नकार देतात. त्यासाठी डोंबिवलीहून लोकल पकडून थेट मुंबईतला कॉम्प्युटरवाल्यांचा लॅमिंग्टन रोड गाठायची त्यांची तयारी असते. मीही एकदा सोबत गेलो होतो. दुकानदाराने १६,००० डीपीआयचा, रंगीबेरंगी दिवे लुकलुकणारा गेमिंग माऊस पुढे केला. नानांनी चष्मा कपाळावर चढवला.

"म्हणजे हात एक इंच सरकवला की हा १६,००० मोजणार. माझ्या पडद्याची रुंदी १,९२० ठिपक्यांची. म्हणजे एका इंचात मी आठ वेळा पडदा ओलांडणार. मला जायचंय कुठे?"

दुकानदाराने मुद्दा बदलला. हा सेकंदाला ८,००० वेळा कॉम्प्युटरला आपली जागा कळवतो, म्हणाला. साधा यूएसबी माऊस १२५ वेळा कळवतो, हे नानांना पाठ होतं. "१२५ वेळा? आमचे चिरंजीव पुण्याला असतात. आठवड्यातून एकदा खुशाली कळवतात. तेवढ्यात भागतं."

"अंकल, लेना है के देखना है?" दुकानदार.

"बघितल्याशिवाय घ्यायचं कसं?" नाना. घेतला अर्थातच नाही.

माऊसच्या पूर्वजांपैकी नानांना मनापासून मान्य असलेला एकच, तो म्हणजे पहिला. १९६४ साली अमेरिकेत डग्लस एंगलबार्टच्या कल्पनेवरून बिल इंग्लिशने बनवलेला. लाकडाची डबी आणि खाली एकमेकांना काटकोनात बसवलेली दोन चाकं. "लाकडाचा! बिघडला तर सुताराकडे नेता आला असता." त्या शोधाच्या रॉयल्टीचा छदामही एंगलबार्टला मिळाला नाही, हे सांगताना नानांचा आवाज कातर होतो. ऑफिसात त्यांचंही प्रमोशन हुकलेलं आहे.

नानांचं मन खरं कुठे अडकलंय, हे कळायला मात्र त्या ऑफिसातच जावं लागतं. नव्वदच्या दशकात माऊसच्या पोटात गोळी असे. तळाची चकती फिरवली की ती टपकन तळहातावर पडायची. दिसायला रबराची, वजनाला लोखंडी. टेबलावर ती घरंगळली की आतले दोन रूळ फिरत, एक आडव्या चालीचा, एक उभ्या. टेबलावरची धूळ, हाताचा घाम, बाह्यांचे तंतू असं सगळं मिळून त्या रुळांवर काळपट पट्टा चढायचा आणि पडद्यावरचा बाण ठेचकाळू लागायचा. मग नाना वर्तमानपत्र पसरून बसत आणि टाचणीने पट्टा उकलू लागत. तो अख्खा, न तुटता निघाला की शेजारच्या टेबलाला दाखवत. वरच्या मजल्यावरूनही बोलावणी येत. "नाना, बाण उडतोय जरा." नाना शर्टाच्या खिशाला टाचणी लावून निघत. साहेबसुद्धा खुर्ची सोडून उठायचे.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने गोळीविना चालणारा माऊस बाजारात आणला. पोटात लाल दिवा आणि सेकंदाला १,५०० चित्रं टिपणारा बारीकसा कॅमेरा. लागोपाठची चित्रं ताडून पाहायची आणि हात किती सरकला ते ठरवायचं. माझं विचाराल तर माऊसच्या जन्मात जुना टाकून नवा घ्यावा अशी उडी ही एकच. पुढच्या बहुतेक सुधारणा हाताआधी खिशाला जाणवतात. मनगट दुखणाऱ्याने उभा माऊस जरूर धरून बघावा, पण डीपीआयच्या आकड्यांवर भाळून पैसे घालवू नयेत. ऑफिसात तो लाल दिव्याचा माऊस आला तेव्हा नानांनी उलटा करून चकती शोधली. चकतीच नव्हती.

"मग ह्यात आपण करायचं काय?"

काळाने रेटलं तसा घरी त्यांनी तसलाच एक घेतला. तर टेबलावर काच. काचेखाली कुलदैवत, नातवंडं आणि विम्याची जुनी पावती. नितळ काचेवर त्या कॅमेऱ्याला टिपण्यासारखं काही सापडत नाही. काचेवर चालणारे माऊस २००९ पासून मिळतात, हे नानांना ठाऊक आहे. तरी त्यांनी कालनिर्णयचं जुनं पान पसरलं. आता विजेचं बिल भरताना त्यांचा माऊस संकष्टीवरून निघतो आणि प्रदोषापाशी थांबतो.

पुढे त्याचं बटण थकलं. एकदा दाबलं की दोनदा लागायचं. एक खिडकी मिटवावी तर मागचीही मिटायची. आतली पट्टी कशी मऊ पडते आणि काही नव्या माऊसमध्ये पट्टीऐवजी प्रकाशाचा किरण कसा वापरतात, हे नानांनी मला जिन्यात उभं करून समजावलं. तरीही निकाल तोच. "चालतोय ना, मग?"

शेवटी काकूंनी निकाल फिरवला. दुपारी डोळा लागला की कटकट-कटकट. "अहो, माऊस तरी बदला नाहीतर खोली तरी!" मुलीने दिवाळीला आवाज न करणारा बिनवायरचा माऊस पाठवला. चार्जिंगचा पाठवायचा तिचा विचार होता. त्यावर नानांनी अॅपलच्या २०१५ च्या माऊसचा दाखला दिला. त्याचं चार्जिंगचं भोक पोटाला आहे, त्यामुळे चार्ज होताना तो उताणा पडून राहतो. "योग्यच आहे. सलाईन लावल्यावर कोणी ऑफिसला जात नाही. पण मला सेलवालाच पाठव."

मला वाटलं होतं, हा आठवड्याभरात खोक्यात परत जाणार. परवा डोकावलो तर नाना वर्तमानपत्र पसरून बसलेले. माऊसची पाठ उघडी, सेल बाहेर. सेलवर बॉलपेनने बसवल्याची तारीख घातलेली, दोन्ही टोकं धोतराच्या जुन्या फडक्याने पुसणं चाललेलं. रोज रात्री सेल काढायचा, यूएसबीचं इवलं पिल्लू सुपारीच्या डबीत ठेवायचं, सकाळी सगळं परत जोडायचं. वहीत नोंदसुद्धा होती.

"कसा काय आहे नवा माऊस, नाना?"

"माऊस ठीक आहे," सेल उजेडाकडे धरत नाना म्हणाले. "तुझाही आण इकडे. कधी उघडला होतास शेवटचा?"