शेलूबाजारला कोण उतरणार?

अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारी एसटी शेलूबाजारच्या चौकात थांबली की कंडक्टर ओरडतो, "शेलूबाजारवाले, उतरा लवकर!" मग पिशव्या उतरतात, पोती उतरतात, शाळेची पोरं उतरतात, दवाखान्याची फाईल छातीशी धरलेल्या म्हाताऱ्या उतरतात. वाशिम जिल्ह्यातल्या या गावाला उतरणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. वाण आहे ती एकाच प्रवाशाची. तो पाच वर्षांतून एकदा उतरतो, हात जोडतो आणि तेवढ्या वेळातही गाडीचं इंजिन बंद करत नाही.

2022 च्या एप्रिलमध्ये मात्र गावाचं नशीब फळफळलं होतं. समृद्धी महामार्गाचा पहिला टप्पा, नागपूर ते शेलूबाजार, 210 किलोमीटर, 2 मे रोजी खुला होणार असं जाहीर झालं. फीत कापणार मुख्यमंत्री उद्धव ठाकरे, तारीख सांगणारे रस्ते विकास महामंडळाचे मंत्री एकनाथ शिंदे. शेलूबाजार कुठे आहे हे नकाशात शोधण्याची पाळी मुंबईच्या लोकांवर आली. नागपूरहून निघालेली समृद्धी थांबते कुठे, तर आपल्या गावाला! याहून मोठा मान कोणता?

मग वन्यप्राण्यांसाठी बांधत असलेल्या उन्नत मार्गाचं बांधकाम कोसळलं आणि मुहूर्त टळला. पुढच्या दोन महिन्यांत आणखीही बरंच कोसळलं. 20 जूनच्या रात्री मंत्री आमदारांना घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. 29 जूनला मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, 30 जूनला मंत्रीच मुख्यमंत्री झाले. शेलूबाजारचा रस्ता आपल्या जागी तसाच राहिला; सरकार दुसऱ्याच रस्त्याने निघून गेलं.

11 डिसेंबर 2022 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं ते नागपूर ते शिर्डी, 520 किलोमीटरचं. शेलूबाजार शेवटचा थांबा व्हायचं, ते मधलं इंटरचेंज झालं. इंटरचेंज म्हणजे काय, असं चहाच्या टपरीवर एका म्हाताऱ्यानं विचारलं. नातवानं सांगितलं, "आबा, तिथून गाडी इकडची तिकडं वळवता येते." म्हातारा बशीतला चहा फुंकत म्हणाला, "म्हंजे आपल्या आमदारायसारखं हाये." फरक एवढाच की गाडीला टोल पडतो. उद्घाटनाच्या वेळी नागपूर-शिर्डी या अंतराला मोटारीचा टोल 900 रुपये होता. पक्षांतराला तो अजून बसवलेला नाही, नाहीतर राज्याचं कर्ज एव्हाना फिटलं असतं.

महाराष्ट्राचं राजकारण गेली काही वर्षं वाहनांच्या भाषेतच चाललं आहे. महाविकास आघाडीला देवेंद्र फडणवीस तीनचाकी रिक्षा म्हणत. ठाकरे म्हणाले, स्टेअरिंग माझ्या हातात आहे. शिंदे मुख्यमंत्री झाल्यावर म्हणाले, रिक्षाच्या वेगापुढे मर्सिडीज फिकी पडली. आणि 4 डिसेंबर 2022 ला समृद्धीची पाहणी करायला दोघे निघाले तेव्हा गाडी होती मर्सिडीज, चालवत होते उपमुख्यमंत्री फडणवीस आणि मुख्यमंत्री शेजारी बसले होते. स्टेअरिंग नेमकं कोणाकडे, हा प्रश्न निदान त्या दिवशी तरी कोणाला पडला नाही. ती रिक्षा कुठे गेली हे मात्र टपरीवर अजून कोणी सांगू शकलेलं नाही.

या रस्त्याचीच जन्मकथा पाहा. 2015 मध्ये फडणवीसांनी तो जाहीर केला. जमिनी जाणार म्हणून शेतकरी चिडले, तेव्हा शिवसेनेचे पक्षप्रमुख शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले आणि शिवसेनेचेच मंत्री जमिनी घेणाऱ्या खात्याच्या खुर्चीवर बसून राहिले. सत्ता हातात आल्यावर त्याच रस्त्याला बाळासाहेबांचं नाव दिलं गेलं. विरोध, अंमलबजावणी आणि बारसं, तिन्ही कामं एकाच पक्षानं उरकली.

गावाच्या नावात बाजार असला तरी घोडेबाजार इथे भरत नाही. तो मान मुंबईचा. पन्नास खोक्यांची घोषणा विधानभवनाच्या पायऱ्यांवर दुमदुमली आणि तिथून खेड्यापाड्यांतल्या लग्नाच्या वरातीत शिरली. खरंखोटं ठरवायला न्यायालयं आहेत, पण 'खोका' म्हटल्यावर किराणा दुकानदाराच्या चेहऱ्यावरही हसू येऊ लागलं, हे काही लहान नुकसान नाही. पुढे आमदारांच्या अपात्रतेचं प्रकरण विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांच्याकडे गेलं. शिवसेना, राष्ट्रवादी आणि भाजप असा प्रवास त्यांनी स्वतःच केलेला, त्यामुळे विषय त्यांच्या अभ्यासातला. 10 जानेवारी 2024 ला निकाल आला: खरी शिवसेना शिंदेंची, आणि अपात्र कोणीच नाही. इकडचेही पात्र, तिकडचेही पात्र. 15 फेब्रुवारीला राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच. एवढा शंभर टक्के निकाल जिल्ह्यातल्या एकाही शाळेला कधी लावता आला नसेल.

यवतमाळ-वाशिम लोकसभा मतदारसंघानं तर या विषयात पीएच.डी. केली आहे. भावना गवळी 1999 पासून सलग पाच वेळा खासदार. पक्ष फुटला तेव्हा त्या शिंदेंबरोबर गेल्या. 2024 ला त्यांचंच तिकीट कापलं. का? तर शेजारच्या हिंगोलीत हेमंत पाटील यांची जाहीर झालेली उमेदवारी मागे घ्यावी लागली होती, आणि त्याची भरपाई म्हणून त्यांच्या पत्नी राजश्री पाटील यांना इथे उभं केलं गेलं. एका मतदारसंघाचं दुखणं, दुसऱ्यात औषध. मतदारांनी ते घेतलं नाही. ठाकरे गटाचे संजय देशमुख सुमारे 94 हजारांनी निवडून आले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण जुलैमध्ये गवळी विधान परिषदेवर गेल्या, ऑक्टोबरमध्ये राज्यपालनियुक्त म्हणून हेमंत पाटीलही गेले. नोव्हेंबरमध्ये गवळी रिसोडमधून विधानसभेला उभ्या राहिल्या, हरल्या, आणि तरी आमदार राहिल्या. पडलेला माणूस खाली येतो हा नियम न्यूटननं शेलूबाजारच्या बाहेर कुठेतरी शोधला असावा. आपल्याकडे पडलेला माणूस वर जातो. वर म्हणजे वरिष्ठ सभागृहात.

आता पालकमंत्री. केंद्र सरकारनं वाशिमला आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घातलं आहे. राज्यातल्या चारच जिल्ह्यांना हा मान आहे. मात्र इथे पालकमंत्री व्हावं अशी आकांक्षा फारशी कोणाची दिसत नाही. मध्ये साताऱ्याच्या पाटणचे शंभूराज देसाई होते. शेजारच्या यवतमाळचे संजय राठोड आले तेव्हा लोकांना वाटलं, चला, निदान पाहुणा जवळचा आहे. 2025 च्या जानेवारीत कागलच्या हसन मुश्रीफांना वाशिम मिळालं. त्यांनी काही आठवड्यांतच अंतराचं कारण सांगून जबाबदारी सोडली. कागल ते वाशिम सहाशे किलोमीटरच्या आसपास. तक्रार रास्तच म्हणायची. त्यानंतर आले इंदापूरचे दत्तात्रय भरणे. मुंबई-नागपूर अंतर आठ तासांवर आणणारा रस्ता या जिल्ह्यातून जवळपास शंभर किलोमीटर धावतो, पण पालकमंत्र्याच्या घरापासून वाशिम अजून लांबच आहे.

भरण्यांच्या निमित्ताने जिल्ह्याचा शेतीशी मात्र संबंध जुळला. विधान परिषदेत कृषिमंत्री माणिकराव कोकाटे मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, आपोआप आलेला खेळ बंद करत होतो, असं त्यांचं म्हणणं. 31 जुलै 2025 ला त्यांच्याकडे क्रीडा खातं देण्यात आलं आणि क्रीडावाले भरणे कृषिमंत्री झाले. शिक्षा इतकी समर्पक असू शकते हे कोणाला ठाऊक होतं?

शेलूबाजारच्या शेतकऱ्याचा पत्त्यांचा डाव वेगळा आहे. त्याच्या हातात सोयाबीन. 2024 च्या विधानसभेला भाजपनं जाहीरनाम्यात क्विंटलला किमान 6,000 रुपये सांगितले, काँग्रेसवाल्यांनी 7,000. बाजारात लिलाव असाच चढतो. फक्त तिथे बोली लावणाऱ्याला माल उचलावा लागतो. त्या हंगामात सरकारी हमीभाव होता 4,892 आणि व्यापारी चार हजारांच्या आसपास देत होते. पुढच्या हंगामासाठी हमीभाव 5,328 झाला. सहा हजार अजून नागपूरहून निघायचे आहेत.

तरी लोक रुसून घरी बसले, असं झालेलं नाही. त्या निवडणुकीत राज्यात 66 टक्क्यांच्या घरात मतदान झालं, 1995 नंतरचं सर्वांत जास्त. ज्यांना कोणीच नको त्यांच्यासाठी 2013 पासून नोटाचं बटण आहेच. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये धीरज देशमुख निवडून आले आणि दुसऱ्या क्रमांकावर नोटा, साडेसत्तावीस हजारांच्या आसपास मतं घेऊन. एवढी मतं घेऊनही नोटा ना सुरतेला गेला, ना गुवाहाटीला, ना पहाटेच्या शपथविधीला राजभवनावर. असा निष्ठावंत माणूस पक्षांना दिसत कसा नाही, कोण जाणे.

मधल्या काळात सगळ्यात हुशार झाले ते फ्लेक्सवाले. पुढाऱ्याचा हात जोडलेला फोटो संगणकात कायमचा असतो. बदलतं ते वरच्या रांगेतल्या बिल्ल्याएवढ्या चेहऱ्यांचं मंडळ आणि कोपऱ्यातलं चिन्ह. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न, "भाऊ, वरची रांग आता कोणती लावू?" आणि उरलेले जुने फ्लेक्स मागच्या खोलीत गुंडाळून ठेवलेले.

सोंगणीच्या दिवसांत आभाळ भरून आलं की त्या खोलीला भाव येतो. शेतात सोयाबीनची सुडी लागलेली, ताडपत्री महाग. असाच एक शेतकरी धावत फ्लेक्सच्या दुकानात शिरला.

"भाऊ, सुडीवर टाकाले एखादा जुना बॅनर दे ना."

"कोणत्या पक्षाचा पायजे?"

"कोनताबी चालते गा. फक्त फाटका नको."