रिपल किती?

हे काका तुमच्याही सोसायटीत असणारच. शर्टाच्या खिशात टेस्टर, पिशवीत कुणाच्या तरी मिक्सरची जळालेली मोटर, आणि पार्किंगमध्ये गाठ पडली की तुमचं दूध नासलं तरी सुटका नाही. आमच्याकडचे काका सध्या पॉवर सप्लाय निवडताहेत. ‘सध्या’ म्हणजे त्यांची नात बालवाडीत होती तेव्हापासून. नात आता अकरावीला आहे.

घरी टेबलावर डाग देत बसणाऱ्या हौशी माणसाला शून्य ते तीस व्होल्ट हवे तसे कमीजास्त करता येतील असा डीसी सप्लाय लागतो. वस्तू बाजारात मिळते, परवडते, लोक घेतात आणि कामाला लागतात. काका घेत नाहीत, कारण रिपल. डीसी खरं तर सरळ रेघेसारखा असायला हवा. स्विचिंगच्या सप्लायमधून तो निघतो किंचित थरथरत. ही थरथर मिलिव्होल्टांत मोजतात. काकांच्या आयुष्यातलं सगळं सुख या मिलिव्होल्टांनी खाल्लं आहे.

एकदा त्यांच्याबरोबर पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीत गेलो होतो. (तुम्ही जाऊ नका.) दुकानदाराने काउंटरवर एक निळी पट्टी टाकली. एलएम २५९६चं मॉड्यूल, लांबी जेमतेम चार सेंटिमीटर, एका कडेला पितळी स्क्रूचा प्रीसेट.

“तीन ॲम्पियर?”

“तीन.”

“हीटसिंक न लावता?”

“मग दोन धरा.”

दुकानदार सरळ माणूस निघाला म्हणून मला बरं वाटतंय तोवर काकांनी भिंग काढलं. हा आयसी दीडशे किलोहर्ट्झला चालायला हवा, नकली माल मंद चालतो आणि मग थरथर वाढते, हे त्यांनी मला, दुकानदाराला आणि शेजारच्या वायरवाल्याला सांगितलं. मग तो प्रश्न आला.

“रिपल किती?”

“काका, सगळ्यांना चालतंय.”

“सगळ्यांना चालतं म्हणजे किती मिलिव्होल्ट?”

मागे डिप्लोमाची पोरं ताटकळली होती. त्यातल्या एकाने काकांच्या खांद्यावरून हात घालून तेच मॉड्यूल उचललं, पैसे टाकले आणि गेला. त्याचा प्रोजेक्ट पास झाला असेल, नोकरी लागली असेल, एव्हाना फ्लॅटचे हप्तेही चालू असतील. काका अजून भिंग पुसताहेत.

तसा त्यांचा अभ्यास दांडगा. घरात १९६९पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’चे गठ्ठे आहेत आणि संगणकावर एक एक्सेलची फाइल आहे, तिचे रकाने झेड ओलांडून एए, एबी करत निघालेत. प्रत्येक पर्यायापुढे शेरा. एलएम ३१७चा रेग्युलेटर त्यांना मनापासून आवडतो. १९७०च्या दशकात नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये बॉब डॉबकिनने केलेलं डिझाइन, दोन रेझिस्टर लावले की काम झालं, थरथर नावालाच. पण तो सव्वा व्होल्टच्या खाली उतरत नाही आणि तापतो फार. लॅपटॉपच्या जुन्या चार्जरचे एकोणीस व्होल्ट देऊन त्यातून पाच व्होल्टला एक ॲम्पियर घ्या. पाच वॉट कामाला येतात आणि चौदा वॉट नुसती उष्णता. शेरा: ‘सज्जन, पण उधळ्या.’

मग आरडी ६००६. साठ व्होल्ट, सहा ॲम्पियर, रंगीत पडदा, व्होल्ट दहा मिलिव्होल्टच्या आणि करंट एक मिलिॲम्पियरच्या पायरीने बदलता येतो. मला वाटलं, सुटलो. पण नाही. हे मॉड्यूल घरच्या प्लगला लागत नाही. त्याला आधी डीसी पुरवावा लागतो, तोही बाहेर हव्या असलेल्या व्होल्टेजपेक्षा जास्त. म्हणजे सप्लायला सप्लाय, म्हणजे मागे एक एसएमपीएस. आणि त्या एसएमपीएसचा रिपल किती? काकांनी फाइलमध्ये नवीन शीट उघडली.

एक गोष्ट मात्र ते शंभर टक्के खरी सांगतात, म्हणून लिहून ठेवतो. घ्याल तो सप्लाय करंटला मर्यादा घालता येईल असाच घ्या. जोडण्याआधी ती मर्यादा लावा. वायर उलटी लागली तरी सहसा जोडलेली वस्तू वाचते आणि नुसता दिवा लागून सप्लाय गप्प बसतो. हे सांगताना त्यांचा चेहरा कीर्तनकारासारखा होतो, आणि तेवढा वेळ थरथरीचा विषय निघत नाही.

एरवी तो कुठेही निघतो. पुतणीसाठी स्थळ आलं. मुलाच्या वडिलांनी पॅकेज सांगितलं, त्यातला वीस टक्के भाग कामगिरीनुसार वर-खाली होतो, हेही सांगितलं. काकांनी कपबशी खाली ठेवली आणि म्हणाले, “वीस टक्के रिपल जरा जास्त होतो.” सोसायटीच्या सभेत मेंटेनन्स दरमहा थोडाथोडा का बदलतो याचा खुलासा त्यांनी चेअरमनकडे याच शब्दात मागितला आणि चेअरमनने घाबरून ऑडिटरला फोन लावला. कळस झाला तो डॉक्टरांकडे. डॉक्टर म्हणाले, “एकशे तीस-ऐंशी, तुमच्या वयाला उत्तम.” काका खुर्चीतून उठलेच. “म्हणजे पन्नासचा पीक-टू-पीक रिपल! आणि तुम्ही उत्तम म्हणता?” डॉक्टरांनी पुन्हा रक्तदाब मोजला. या वेळी एकशे पन्नास भरला.

या सगळ्यात मूळ प्रश्न काकूंनी विचारला, तोही कोथिंबीर निवडता निवडता. “पण सप्लाय आणलात तर त्याला जोडणार काय?”

काका उत्तर न देता गॅलरीत गेले.

मी हे व्यक्तिचित्र इथेच संपवणार होतो, आणि वाईट हसू आणून संपवणार होतो. पण त्या दिवशी काकूंनी भीड न धरता सांगून टाकलं. काका चिंचवडच्या कारखान्यात होते हे मला ठाऊक होतं. मी त्यांना इंजिनिअर समजत होतो. ते स्टोअरमध्ये होते. प्रयोगशाळेतल्या साहेबांना रेझिस्टर मोजून द्यायचे, रजिस्टरवर सही घ्यायची. दोन काट्यांचे मीटर असलेला जडशीळ बेंच सप्लाय वर्षातून एकदा कॅलिब्रेशनला जायचा. त्याचा गेटपास काका करायचे, तो उचलून गाडीत काका ठेवायचे, परत आला की उतरवून घ्यायचे. नॉब फिरवायचा अधिकार पदवीवाल्यांना. “परत आला की त्याच्याबरोबर रिपोर्ट यायचा ना,” काकू म्हणाल्या, “तो वाचत बसायचे. तुमचं ते रिपल त्यातलंच.”

यानंतरही मी त्यांना पार्किंगमध्ये टाळत होतोच. माणूस समजला म्हणून सुसह्य होतो असं नाही.

मग तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीचं शाळेतलं प्रदर्शन आलं. तिने आर्डुइनोवर रेल्वेचं फाटक केलं होतं, आणि आदल्या रात्री फाटकाचा दांडा उचलायला लागला की आर्डुइनो मान टाकून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. बापाने तीन केबली बदलल्या. मग कुणीतरी काकांना बोलावलं आणि मी तमाशा बघायला गेलो.

काकांनी एकदा दांडा उचलताना पाहिला. “सर्व्हो मोटर सुरू होताना करंट ओढते, यूएसबीतून तेवढा मिळत नाही. मोटरला वेगळं जेवण दे.” घरी जाऊन लॅपटॉपचा जुना चार्जर आणि प्लॅस्टिकची पुडी घेऊन आले. पुडीत तीच निळी पट्टी. म्हणजे त्यांनी ती कधीच विकत घेतली होती! पुडी मात्र तोवर फोडलेली नव्हती. आउटपुटला मल्टिमीटर लावला आणि स्क्रूड्रायव्हर मुलीच्या हातात दिला.

ती फिरवत राहिली. मीटरवर एकोणीस ते एकोणीसच.

“आजोबा, खराब आहे हे.”

“अजून फिरव. सुरुवातीला बरेच वेढे फुकट जातात.”

काकांचे दोन्ही हात पाठीमागे होते. आकडा एकदम हलला, अठरा, पंधरा, नऊ, आणि पोरीने जीभ दातात धरून तो पाचवर आणला. “आता दोन्हींची ग्राउंड एक कर, नाहीतर मोटरला सिग्नल कळणार नाही.” तिने वायर जोडली. दांडा वर गेला, खाली आला. आर्डुइनो जागा.

मी संधी साधली. “काका, रिपल किती असेल याचा?”

त्यांनी माझ्याकडे, अडाण्याकडे बघावं तसं पाहिलं. “फाटकाला काय करायचाय रिपल?”

म्हणजे यांना सगळं माहीत होतं. तपकीर गल्लीतला तो दुपारभराचा उभा वेळ, ती एक्सेलची फाइल, ते मोडत आलेलं स्थळ! मला संतापायचं होतं, पण पोरगी त्यांना दुसरा गिअर बसवायचा का ते विचारत होती आणि ते दोघं माझ्याकडे पाठ करून बसले होते.

दुसऱ्या दिवशी दूधवाल्यापाशी मला गाठलंच. रात्रभर झोप नसावी.

“फाटकाचं ठीक आहे रे, पण त्या मॉड्यूलचा नीट मोजला पाहिजे. मल्टिमीटरवर ते धड कळत नाही, ऑसिलोस्कोप लागतो. रिपलसाठी वीस मेगाहर्ट्झ पुरे, पण घ्यायचाच तर शंभरचा घ्यावा की दोनशेचा?” आणि आवाज खाली आणून, “काकूला इतक्यात बोलू नकोस.”