दमट हवेतले ग्रंथवाचन

लोणावळ्यात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत उरकतो. त्यामुळे मावळात पुस्तकांचे पहिले वर्गीकरण ओले, दमट आणि बुरसटलेले असे होते. कथा, कादंबरी हा भेद नंतरचा. आषाढात तीनशे पानांचे पुस्तक फुगून चारशेचे दिसू लागते. ते दोरीवर, बनियन आणि मोज्यांच्या मधोमध, पालथे वाळत असते. चिकटलेली पाने सुरीच्या पात्याने सोडवावी लागतात. पान सुटते, पण त्यावरची शाई समोरच्या पानावर उतरलेली असते. रहस्यकथेच्या वाचकाला खुनी कोण हे उलट्या अक्षरांत आधीच कळते.

भयकथेला ही हवा मानवेल असे वाटते. धुके, बंद बंगले आणि गेलेली वीज हे साहित्य येथे आयतेच मिळते. परंतु नारायण धारपांची कादंबरी मेणबत्तीच्या उजेडात वाचताना एक अडचण येते. भयकथेतले दार आपोआप उघडते. लोणावळ्यातले दार पावसात फुगते आणि खांदा लावल्याशिवाय हलत नाही. भुतालासुद्धा बाहेरून ‘जरा ओढा हो’ म्हणावे लागेल.

साहसकथेसाठी बोरघाट उत्तम. प्रभाकर पेंढारकरांच्या ‘रारंग ढांग’मध्ये हिमालयात रस्ता बांधणाऱ्यांची गोष्ट आहे. शनिवारी सकाळी घाटातल्या वाहतूक कोंडीत ती वाचायला घेतल्यास, हिमालयातला रस्ता पुढे सरकतो, खंडाळ्याचा सरकत नाही.

स्थानिक साहित्यात पहिला मान तळेगाव दाभाड्यात राहिलेल्या गो. नी. दांडेकरांचा. ‘पवनाकाठचा धोंडी’ पवन मावळातला, तर ‘माचीवरला बुधा’ राजमाचीवरचा. बुधा मुंबई सोडून माचीवरच्या एकांतात येतो. ती कादंबरी वाचून भारावलेला वाचक त्याच एकांताच्या शोधात पावसाच्या तोंडावर राजमाची गाठतो आणि काजवे पाहायला आलेल्या गर्दीत रांगेने उभा राहतो. त्या रांगेतल्या काहींच्या पाठपिशवीत तेच पुस्तक असते.

पाककृतींच्या पुस्तकांत कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ (१९७०) घरोघरी असते आणि हळदीच्या डागावरून तिचे लाडके पान ओळखता येते. मात्र पुलावाचा भात मोकळा व्हावा लागतो आणि घरच्या डब्यात इंद्रायणी असतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला हा तांदूळ १९८७ साली प्रसारित झाला. तो सुवासिक आहे, चवीला गोड आहे आणि मोकळा होणे त्याच्या स्वभावात नाही. पुस्तकाबरहुकूम केलेला पुलाव शेवटी पिठल्याबरोबर खाल्ला जातो.

संतवाङ्मय या यादीत अपवाद ठरते. मावळातल्या भंडारा डोंगरावर तुकोबा चिंतनाला बसत आणि देहूला त्यांच्या वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्या. तेरा दिवसांनी त्या कोरड्या वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ही नदी लोणावळ्याच्याच डोंगरातून निघते. बाकीच्या पुस्तकांना तिने तशी सवलत दिलेली नाही. ती वाचनालयात परत जातात तेव्हा फुगलेली असतात, त्यांना डांबरगोळ्यांचा वास येत असतो, आणि दंड वाचकाला भरावा लागतो.