दोघांचाही विश्वासू

रात्री साडेअकरानंतर मी हेर असतो. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये, मुलाने नवा लॅपटॉप आल्यावर टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर. दिवा मालवलेला, पंखा एकवर. आतल्या खोलीतून ‘अहो, उद्या फर्स्ट शिफ्ट आहे ना?’ असा आवाज आला, की मी सावलीत सरकतो. म्हणजे पडद्यावरच्या. खुर्चीत मी होतो तिथेच असतो.

खेळाचं नाव ‘स्प्लिंटर सेल: डबल एजंट’. २००६ चा. मुलाच्या मते तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात द्यायला हवा. त्याचा नायक सॅम फिशर हा अमेरिकन सरकारचा मुरलेला हेर. वय झालेलं, आवाज घोगरा, एकुलती एक मुलगी अपघातात गेलेली. सरकार त्याला कैदी बनवून कॅन्ससच्या तुरुंगात घालतं, तिथून तो एका अतिरेक्याबरोबर पळतो आणि त्याच्या टोळीत शिरतो. पुढे एकाच वेळी दोन साहेब. सरकारचा विश्वास किती आणि टोळीचा किती, हे दाखवणाऱ्या दोन पट्ट्या. एकाचं काम केलं की बहुतेक वेळा दुसऱ्याची पट्टी उतरते. दोहोंपैकी कुठलीही रिकामी झाली की खेळ खलास.

हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. ही तर माझीच नोकरी!

मी रेसिडेंट इंजिनियर आहे. औद्योगिक पट्ट्याबाहेरच्या माणसाला हे पद समजावून सांगताना नेहमी दम लागतो. मुलगी बघायला गेलो होतो तेव्हाही लागला होता. पगार भोसरीच्या कंपनीचा, बसायचं चाकणच्या कंपनीत. भोसरीवाले पार्ट बनवतात, चाकणवाले गाड्या. आमचा पार्ट त्यांच्या लाइनवर नीट बसला नाही, की पहिली हाक मला. भोसरीचे साहेब फोनवर म्हणतात, ‘आपला माणूस आत आहे, म्हणून मी निवांत झोपतो.’ चाकणचे साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘तुम्ही तर आता आमचेच झालात.’ दोघेही मनापासून बोलतात, तिथेच पंचाईत आहे. दिवाळीला मिठाईचा पुडा मात्र कुठूनच मिळत नाही. हे समजतात ते देतील, ते समजतात हे देतील.

तर सॅम फिशर. टोळीच्या अड्ड्यावर त्याला आधी टोळीचं काम उरकावं लागतं आणि उरलेल्या मिनिटांत सरकारचं. त्या कामांत एक आहे सुरुंग जुळवण्याचं. टेबलाशी उभं राहायचं, एकेक भाग बसवायचा, वर घड्याळ पळतंय. दिवसभर असेंब्ली लाइनच्या कडेला उभा राहणारा माणूस रात्री करमणूक म्हणून पुन्हा असेंब्लीच करतो, हे बायकोला सांगायची माझी हिंमत नाही.

सुरुंगावरून आठवलं. कंपनीच्या बसमधून मी रोज ज्या चाकणला जातो, तिथे संग्रामदुर्ग आहे. १६६० च्या पावसाळ्यात शाइस्ताखानाने त्याला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी जवळजवळ दोन महिने तो लढवला. शेवटी मोगलांनी सुरुंग लावून बुरूज उडवला. खानाने खूश होऊन फिरंगोजींना बादशाही नोकरी देऊ केली आणि त्यांनी ती नाकारली, असं सांगतात. तळेगाव चौकात बस अडकली की मला हे आठवतं, आणि तिथे आठवायला वेळ भरपूर मिळतो. फिरंगोजींना एकच पट्टी होती. लढाई अवघड, पण हिशेब सोपा.

खेळातले पहारेकरी मला मनापासून आवडतात. अंधारात काही खुट्ट झालं की ते येतात, दोन पावलं इकडे-तिकडे करतात, ‘काही नाही’ असं पुटपुटून जागेवर परत जातात. शेजारचा सहकारी गायब आहे, याचंही त्यांना फारसं नवल नसतं. अशी माणसं आमच्या गेटवर असती तर! एकदा डब्याच्या पिशवीत चुकून मापं घ्यायचा व्हर्नियर राहिला, तर पुढचे तीन आठवडे माझी मटकीची उसळसुद्धा चमच्याने ढवळून पाहिली जात होती.

माझा मुलगा हे पहारेकरी दिसतील तसे उडवत जातो. मी कोणाला मारत नाही. मागून जाऊन गळा दाबून बेशुद्ध करायचं, अलगद कोपऱ्यात नेऊन ठेवायचं, जमल्यास भिंतीला टेकवून. याला तिप्पट वेळ लागतो. ‘पप्पा, ते खरे नाहीयेत,’ मुलगा म्हणतो. खरे नाहीत, पण नाइट शिफ्टला आहेत.

आमच्या गेटवर आणखी एक विधी असतो. आत जाताना मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. कारण चाकणमध्ये खरीखुरी हेरगिरी चालते आणि ती गाड्यांची असते. बाजारात यायची असलेली नवी गाडी काळ्या-पांढऱ्या नागमोडी नक्षीत गुंडाळून चाचणीसाठी रस्त्यावर काढतात. अंगाची वळणं डोळ्यांना पकडता येऊ नयेत म्हणून ती नक्षी. नक्षीमुळे ती अर्धा किलोमीटरवरूनच नजरेत भरते, हा भाग वेगळा. मग मोटरसायकलवरची पोरं मागे लागतात, फोटो काढतात आणि संध्याकाळपर्यंत गाडीच्या मागच्या दिव्यांवर देशभर चर्चा.

एकदा मोशीच्या सिग्नलला अशीच एक गाडी माझ्या शेजारी येऊन थांबली. काच थोडी खाली, आतला डॅशबोर्डसुद्धा उघडा. मी सेकंड शिफ्ट करून परतत होतो. गाडी कुणाची ते मला कळलं होतं, आणि ज्यांची होती त्यांच्याकडे माझं रोजचं जाणं-येणं नाही, असं मी म्हणणार नाही. सिग्नलवर चाळीस सेकंद बाकी होते. पस्तीस सेकंद मी सचोटीने घालवले. शेवटच्या पाचात फोन काढून बटण दाबलं. घरी येऊन पाहिलं तर फोटो काळाकुट्ट. स्टिकर काढायचाच राहिला होता.

आणि ती ब्रॅकेटची रात्र. आमच्या एका लॉटमध्ये भोक किंचित सरकलेलं. ब्रेकबिकचा भाग नव्हे, वायरिंग धरून ठेवणारा साधा ब्रॅकेट; पण बसत नाही म्हणजे नाही. भोसरीहून फोन : ‘काहीही कर, लाइन थांबता कामा नये. आणि खराब नगांचा आकडा सांगू नकोस, डेबिट नोट येईल, पैसे कापतील.’ चाकणचे साहेब समोर उभे : ‘लपवू नका हं, तुम्ही आपले आहात.’ गेज घेऊन, कंत्राटावरच्या दोन पोरांना हाताशी धरून मी रात्री अडीचपर्यंत बाराशे नग तपासले. खराब निघाले अकरा. अकराच्या अकरा बाजूला काढून लाल रंग लावला. सकाळी साहेबांनी विचारलं, ‘किती निघाले?’ मी म्हणालो, ‘सहा-सात.’

खराब नग एकही लाइनवर गेला नाही, गाडी एकही अडली नाही, कुणाचं काही बिघडलं नाही. नुसता आकडा बिघडला. साहेब ‘बरं झालं’ म्हणाले, भोसरीचे साहेब ‘शाब्बास’ म्हणाले. त्या दोन पोरांना मी कँटीनमध्ये चहा आणि वडापाव दिला, तेव्हा त्यांतला एक सहज म्हणाला, ‘सर, अकरा होते ना?’ मी म्हटलं, ‘गार होतोय, खा.’

त्या रात्री मी खेळात एका माणसाला धक्कासुद्धा लावला नाही. एकाच्या हातून तर मुद्दाम पकडला गेलो.

आता अडकलोय ते पुढे. टोळीचा म्होरक्या सॅमच्या हातात पिस्तूल देतो. समोर खुर्चीला बांधलेला लॅम्बर्ट. सॅमचा जुना साहेब, वर्षानुवर्षं कानातल्या यंत्रातून ‘सांभाळून जा’ म्हणणारा. त्याच्यावर गोळी झाडली तर टोळीचा विश्वास पक्का. नाही झाडली तर सोंग उघडं. मुलाने सांगितलं, ‘पप्पा, दोन्ही करून बघा ना. आधी सेव्ह करा, मग मारा, मग परत या.’ मी सेव्ह केलं. मारलं नाही आणि सोडलंही नाही. कॉम्प्युटर बंद केला.

याला आता तीन आठवडे झाले. परवा गुरुवारी सुट्टी आहे, तेव्हा काय ते ठरवून टाकू म्हणत होतो. पण त्या दिवशी चाकणला स्टॉक-टेकिंग लागलंय आणि भोसरीला ऑडिट. दोन्हीकडून ‘तुम्ही येताय ना?’ असं विचारून झालंय, आणि मी दोन्हीकडे हो म्हणालोय.