ब्रुनोचे पप्पा

नाशिक रोडला कुत्री पाळणारे पुष्कळ, पण अस्सल ‘ब्रुनोचे पप्पा’ एकाच खुणेवरून ओळखावेत: कुत्रं घरात आणायला सगळ्यांत मोठा विरोध त्यांचाच होता. “एक तर ते राहील, नाहीतर मी!” पिल्लू आणणारा मुलगा नोकरीला पुण्याला गेला, हे नोट प्रेसमधून रिटायर झाले आणि घरात राहिले दोघंच. म्हणजे काकू आहेत, पण ब्रुनोची ‘मम्मी’ व्हायला त्यांनी साफ नकार दिलाय.

१९२८ पासून नोटा छापणाऱ्या प्रेसमध्ये हयात गेल्यामुळे पप्पांना झडतीचं काही वाटत नाही. पाहुणा दारात आला की ब्रुनो त्याच्या पॅंटीला नाक लावतो, पाहुणा ताठ होतो आणि पप्पा सोफ्यावरून म्हणतात, “हात वर कशाला करता? आमची गेटवर रोज व्हायची.” मग माहिती सुरू. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, ब्रुनोच्या नाकात वीस कोटींच्या वर. तुम्ही सकाळी कुठे मिसळ खाल्ली, शेजारी कोण बसलं होतं, सगळं त्याला कळतं. (हे शेवटचं पप्पांचं स्वतःचं संशोधन.)

बायकोशी मराठीत तुटक बोलणारा हा गृहस्थ कुत्र्याशी मात्र इंग्रजीत लाडिक बोलतो. ब्रुनो सोफ्यावर चढला म्हणून काकू ओरडल्या, की पप्पा दत्तगुरूंना मध्ये घालतात, “त्यांच्या पायाशी चार कुत्री आहेत.” काकू म्हणतात, “पायाशीच आहेत ना?”

कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, असं २०१५ साली जपानी संशोधकांनी दाखवलं. आईला तान्ह्याची ओढ लावणारं रसायन ते हेच. पप्पांनी हे वाचल्यापासून चहाच्या वेळी डोळ्यांत डोळे घालून बसणं सुरू आहे. काकूंच्या मते ब्रुनोची नजर टोस्टवर असते. मला दोघांचंही पटतं.

कुत्र्यांना निळा आणि पिवळा तेवढा नीट कळतो, तांबडा-हिरवा मातकट दिसतो, हे समजल्यावर पप्पांनी टीपॉयवर नोटा मांडून ब्रुनोची परीक्षा घेतली. पन्नासची निळी, दोनशेची पिवळी, पाचशेची करडी. पाचशेच्या नोटेला त्यानं ढुंकून विचारलं नाही, दोनशेची मात्र निम्मी खाल्ली. उरलेला तुकडा घेऊन पप्पा बँकेत गेले. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा तुकडा ऐंशी टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, चाळीस ते ऐंशीमध्ये अर्धे, हा नियम त्यांनीच कॅशियरला ऐकवला आणि शंभर रुपये घेऊन आले. ब्रुनोला मात्र शब्दानं बोलले नाहीत.

“माझ्या हाताचा वास आला असणार त्याला,” म्हणाले, तेही डोळे पुसत.

काकू तेव्हापासून पर्स फ्रिजवर ठेवतात.