हवाशेठ

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात सीझनला पिकअपची रांग लागते. कॅरेट उतरवून मोकळे झालेले ड्रायव्हर टपरीवर असतात, मोबाइलवर असतात, नाहीतर स्टिअरिंगवर डोकं टेकून घोरत असतात. एकाच गाडीचं बोनेट उघडं असतं. बाहेर पांढरा पायजमा आणि अर्धा माणूस दिसतो. उरलेला अर्धा इंजिनात असतो. ते आमचे हवाशेठ. खरं नाव आधार कार्डावर आहे, बाजारात त्याची कुणाला गरज पडत नाही.

हवाशेठांचा जगाशी एकच वाद आहे. कंपनीने गाडीला हवा कमी दिली. तुम्ही कुठल्याही विषयावर बोलत असा, टोमॅटोचा भाव, सोसायटीची निवडणूक, कुणाच्या मुलीचं लग्न, दहा मिनिटांत बोलणं एअर फिल्टरवर येतं.

"मास्तर, तुमचं नाक दाबलं आणि म्हटलं, चढा शिवनेरी. चढाल?"

नाही म्हणण्यावाचून इलाज नसतो.

"मंग?"

या "मंग?"वर त्यांचं सगळं शास्त्र उभं आहे. २५२३ सीसीचं इंजिन, त्याला टर्बो, मागे माल; आणि श्वास घ्यायला दिलंय काय, तर एक काळा प्लॅस्टिकचा डबा, त्याला मूठभर तोंड, आत कागद. "कागद! अहो, लग्नपत्रिकेला याहून बरा वापरतात." एसीत बसणाऱ्या इंजिनिअरांनी मुद्दाम हे असं केलेलं आहे, म्हणजे गाडी दम खाईल आणि गिऱ्हाईक पुढचं मॉडेल घेईल, यावर त्यांची श्रद्धा आहे.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे. इंजिनाला हवा प्रचंड लागते हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. एवढं इंजिन तीन हजार आरपीएमवर फिरलं तर टर्बोची भर सोडूनही मिनिटाला पावणेचार हजार लिटर हवा ओढतं. एक लिटर डिझेल पुरतं जाळायला कमीत कमी दहा हजार लिटर हवा लागते. हे आकडे हवाशेठांना तोंडपाठ आहेत आणि बरोबर आहेत. अशा माणसांचं सगळं इथेच फिसकटतं. गणिताची पहिली ओळ बरोबर येते, मग पुढच्या ओळी तपासायची त्यांना गरज वाटत नाही.

सुरुवात ड्रिल मशिनने झाली. वायरमनकडून मशिन आणून शेठनी कंपनीच्या डब्याला खालून भोकं पाडली आणि गाडी नारायणगावहून आळेफाट्यापर्यंत पळवून आणली. उतरले ते डोळ्यांत पाणी घेऊनच. "आवाज ऐकला? मोकळी झाली बिचारी." आवाज वाढला होता हे खरंच. तो डबा नुसती धूळ अडवत नाही, हवा ओढतानाची घरघरही गिळतो. त्याला भोकं पाडली की तीच घरघर केबिनमध्ये येऊन बसते. आवाज आला की शेठचा पाय ॲक्सिलरेटरवर आणखी दाबला जातो, पाय दाबला की गाडी पळते, आणि श्रेय भोकांना मिळतं.

मग पुण्याला नाना पेठेत जाऊन त्यांनी लाल रंगाचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर आणला. तो घरी आला त्या दिवशी वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं. वहिनींना वाटलं, काहीतरी महागाचं आहे. होतंच. डबा काढून टाकला आणि हा उघडा शंकू बोनेटखाली, रेडिएटरच्या मागे, मोठ्या दिमाखात बसला. आता गाडी चढाला लागली की टर्बोची शिट्टी ऐकू येऊ लागली. हवाशेठ खिडकीची काच खाली घेऊन ती ऐकत. शेजारी बसलेल्याने बोललेलं त्यांना चालत नसे.

कंपनीचा डबा बाहेरची गार हवा घ्यायला तोंड पुढे काढून बसवलेला होता. हा शंकू मात्र रेडिएटरमधून तापून आलेली हवा ओढायचा. हवा तीस अंशांनी तापली की साधारण दहा टक्क्यांनी विरळ होते. म्हणजे तोंड मोठं झालं आणि घास लहान. यातलं काही इंटरकूलर सावरून घेतो, पण ते श्रेय पुन्हा शंकूचं नव्हे.

हे सगळं त्यांना त्यांच्या पुतण्याने समजावून सांगितलं. पुतण्या चाकणला एका कारखान्यात इंजिनांच्या टेस्टिंगवर आहे. जत्रेला आला होता, मटणाची पंगत उठल्यावर ओट्यावर बसून त्याने काकांना मांडून दाखवलं. डिझेल इंजिनात ताकद किती निघणार हे मुख्यतः डिझेल किती पडतं यावर ठरतं. ते किती पाडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याच्या तक्त्यात जी जास्तीत जास्त मर्यादा लिहिली आहे त्यापुढे तो जात नाही. हवा मुळातच गरजेपेक्षा जास्त आत जात असते. स्वच्छ फिल्टर तिला जेमतेम अडवतो. अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली पेट्रोल गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले, तर आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. फरक पडला तो वेग पकडण्यात, आणि तोही नवा साधा फिल्टर घातल्यावर भरून निघाला.

हवाशेठनी सगळं शांतपणे ऐकलं. सुपारी कातरली. मग म्हणाले, "अमेरिकेत आपल्यासारखा फुफाटा आहे का?"

पुतण्या म्हणाला, "नाही काका, म्हणून तर आपल्याला चांगला फिल्टर—"

"मंग?"

पुतण्या हात धुवायला उठला.

लाल फिल्टर कापडाचा होता. त्याला ठरावीक तेल ठरावीक मापात लावावं लागतं. मापात काही करणं शेठच्या स्वभावात नाही. जास्तीचं तेल हवेबरोबर पुढे गेलं आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या केसाएवढ्या तारेवर जाऊन बसलं. सेन्सर काहीबाही मोजू लागला, कॉम्प्युटर गोंधळला, गाडी लोड घेईना आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. दिव्याचा बंदोबस्त शेठनी जागच्या जागी केला: त्यावर इन्सुलेशन टेपचा एक तुकडा, दात लावून तोडून, नीट चौकोनी चिकटवला. अजून आहे. कडांना धूळ बसलीय.

खरी गंमत पासिंगच्या वेळी. गाडीत असे फेरफार चालत नाहीत. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे, आणि मालकाला प्रत्येक फेरफाराला पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही, अशी तरतूद आहे. शेठना कायदा माहीत आहे, म्हणून तर कंपनीचा डबा त्यांनी टाकून दिलेला नाही. पासिंगच्या आदल्या दिवशी तो बसवायचा, शिक्का मिळाला की काढायचा. एका वर्षी डबा आणायला गोठ्याच्या माळ्यावर चढले, तर त्यात वहिनींची कोंबडी अंड्यांवर बसलेली. कोंबडी उठवायला वहिनींची सक्त मनाई. अंड्यांना एकवीस दिवस लागतात. कोंबडी नुकतीच बसली होती. हवाशेठ रोज संध्याकाळी माळ्यावर जाऊन डब्यात डोकावून येत. पासिंगची तारीख हुकली, त्याचे पैसे भरावे लागले, आणि डबा हातात आला तेव्हा ड्रिलच्या भोकांतून पेंढा बाहेर आलेला. "भोकं होती म्हणून पिल्लं जगली," हा त्यावर शेठचा शेरा.

पावसाळ्यात एक पाइप झाला. जीपला असतो तसा, बोनेटमधून निघून केबिनच्या कडेने टपापर्यंत जाणारा. जीपवाले तो पाण्यातून गाडी काढायला लावतात. शेठनी विहिरीच्या मोटारीचा उरलेला पीव्हीसी पाइप वापरला, वर एल्बो बसवला आणि त्याचं तोंड समोर ठेवलं. गाडी जितकी पळेल तितकी हवा आपोआप आत घुसेल, हा त्यामागचा हिशोब. त्यात एवढंच राहून गेलं होतं की जुलै महिना होता आणि गाडी माळशेजवरून कल्याणला जाणार होती. माळशेजचा पाऊस वरून कमी आणि समोरून जास्त येतो. फिल्टर भिजून चिंब झाला आणि टोमॅटो भरलेली पिकअप धुक्यात, बोगद्याच्या अलीकडे, धापा टाकत थांबली. नशीब एवढंच की पाणी सिलिंडरपर्यंत पोचलं नाही. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन त्यावर आपटला की कनेक्टिंग रॉड वाकतो. शेठनी एल्बोचं तोंड मागे फिरवलं, त्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधली आणि कल्याण गाठलं. निम्मा माल नरम पडला होता. बाजारात आल्यावर सांगितलं, "डिझाइन बरोबर होतं. पाऊस उलटा होता."

त्यांचा मिस्त्री या कशालाच कधी विरोध करत नाही. "शेठ म्हणतात तसं," म्हणतो आणि पाना उचलतो. मी एकदा त्याला बाजूला घेऊन विचारलं. तो म्हणाला, "मास्तर, माझ्या पोरीची फी त्या लाल फिल्टरवर चाललीय." शेवटी त्याने इंजिन खोललं तेव्हा टर्बोच्या पंख्याची पाती धुळीने झिजून बोथट झाली होती आणि पिस्टनच्या रिंगा इतक्या सैल की ऑइल खाऊन गाडी निळा धूर ओकत होती. आपल्या शिवाररस्त्यांच्या धुळीतले बारीक कण बिडाच्या लोखंडापेक्षा कठीण असू शकतात. कागद त्यांना अडवतो, सैल बसलेला शंकू अडवत नाही. पूर्ण इंजिन काम झालं. मिस्त्रीने गुपचूप नवा डबा बसवला, नवा कागदी फिल्टर टाकला आणि गाडी हातात दिली.

हवाशेठ आळेफाट्यापर्यंत जाऊन आले. गाडी कशी चालते, विचारलं.

"पहिल्यापेक्षा भारी. सांगत नव्हतो? इंजिनाला हवेची सवय लागली होती, आता डब्यातूनही ओढतंय."

परवा भेटले तेव्हा ते बोनेटपाशी नव्हते. गाडीखाली आडवे झाले होते, पायजम्यापुढचा सगळा माणूस सायलेन्सरपाशी. माझे पाय ओळखून आतूनच ओरडले, "मास्तर, नुसतं आत घेऊन कसं चालेल? बाहेर नको पडायला?"

उत्तर सुचलं नाही.

"मंग?"

हा माणूस एकटा नाही. आळेफाट्याला आहे, मंचरला आहे, लासलगावच्या कांद्याच्या रांगेत आहे, आणि दर काही वर्षांनी तो आपली गाडी विकायला काढतो. रंग झकास असतो, टायर नवे असतात, बोलणं तर फारच गोड असतं. तेव्हा जुनी पिकअप घ्यायला गेलात तर किलोमीटर आणि रंग नंतर बघा. इंजिन बंद असताना एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टरच्या पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपात बोट घाला आणि आतून गोल फिरवा. बोट कोरडं आणि स्वच्छ निघालं तर भाव करा. बोटाला माती लागली तर चहा प्या आणि घरी या.